सहावी 'ब'चा खड्डा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधाची पिशवी कापत होतो. सकाळचे पावणेसात वाजले होते. पिशवीचा कोपरा कापला, दूध पातेल्यात सोडलं, कात्रीला चिकटलेला तो कोपरा झटकून सिंकमध्ये टाकला, तेवढ्यात फोन वाजला. अक्काच्या शुक्रवार पेठेतल्या शेजारीण बोलत होत्या. "दत्ताभाऊ, लगेच या. बाई मागच्या अंगणात पडल्यात." पडल्यात म्हणजे पाय घसरला असेल असं धरून मी आधी दूध तापायला ठेवलं. लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं... मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीखाली अक्का आडवी झाली होती. दोरीवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिमट्यांनी अडकवलेल्या, ओळीने, शाळेतल्या पोरांसारख्या. शेवटची पिशवी तिच्या हातातच राहिली होती. तिला चिमटा लावायचा राहून गेला होता.

याला आता सात आठवडे झाले. भेटणारा प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारतो, "सावरलात का?" दुःख झालं असेल तर माणूस सावरेल. मला आलाय तो राग. पहिल्यांदा वाटलं, पित्त असेल. मी पित्ताची गोळीही घेतली. उपयोग झाला नाही.

अक्का, म्हणजे शालिनी, माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. जुन्या गावातल्या एका मराठी शाळेत तीस वर्षं सहावीला विज्ञान शिकवत होती. भावजी आठ वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नव्हतं. मी जुळे सोलापुरात राहतो, सरकारी कचेरीत कारकून आहे, आणि घरात माझ्याकडे सोपवलेलं एकमेव काम म्हणजे सकाळी दूध तापवणं. दर रविवारी अक्का आमच्याकडे जेवायला यायची. कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी तब्येत विचारतात. अक्का चपला काढून थेट स्वयंपाकघरात जायची आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचलायची.

"दत्त्या, भाताच्या खरकट्यात हे ब्रेडचं पाकीट कुणाचं?"

"शेजाऱ्यांचं असेल."

"शेजारी तुझ्या डब्यात येऊन टाकायलेत व्हय?"

मग दुधाच्या पिशवीवर यायची. तिचं म्हणणं असं की पिशवीचा कोपरा तोडायचाच नाही. नुसती चीर द्यायची, कोपरा लटकता ठेवायचा, पिशवी धुवायची, वाळवायची आणि महिन्याची चळत भंगारवाल्याला द्यायची. "पिशवी तो नेतो. हा नखाएवढा तुकडा कोण वेचणार? नाल्यात जातो, नाहीतर गाईच्या पोटात. एवढंसं आहे म्हणूनच ते सापडत नाही." मी म्हणायचो, "अक्का, माझ्या एका कोपऱ्यानं जग बुडणार आहे का?"  यावर ती वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तशी बघायची, बस. माझी बायको मंगल पहिल्या महिन्यातच शिकली. पण दूध तापवणारा मी, आणि कोपरा पूर्ण कापला की धार सरळ पडते, या शास्त्रीय मुद्द्यावर मी ठाम होतो. जेवण झालं की अक्का भांडी विसळायच्या निमित्ताने सिंकपाशी रेंगाळायची, आणि जाताना पर्सच्या बाजूच्या कप्प्यात काहीतरी टाकायची. मला वाटायचं, सुपारी असेल.

तिच्या शाळेत मी कधी गेलो नव्हतो. तरी सहावीच्या तीस वर्षांतल्या पोरांना मी माहीत होतो, आणि कारण असं होतं की ते छापायला नको. पण अक्काने मला कधी सोडलं नाही, मग मी मला कशाला सोडू. आम्ही मूळचे मोडनिंबचे. घरामागे उकिरडा होता. शेण, राख, भाजीची देठं, शिळं, सगळं त्यात. चौथीत मी गणितात नापास झालो आणि प्रगतिपुस्तक त्या उकिरड्यात हातभर खाली पुरलं. दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं, यंदा शाळेने पुस्तकं दिलीच नाहीत. दादांचा माझ्यापेक्षा शाळेवर कमी विश्वास होता, त्यामुळे ते खपलं. वैशाखात उकिरडा उपसून शेतात न्यायला गाडी लागली, तेव्हा अक्का फावडं घेऊन मदतीला होती. खतात तिला माझं प्रगतिपुस्तक सापडलं. म्हणजे आतले कागद नव्हतेच. गुण, शेरे, हेडमास्तरांची सही, सगळ्याची काळी माती झाली होती. राहिलं होतं फक्त वरचं रेक्झिनचं कव्हर, आणि त्यावर माझं नाव, धुऊन काढल्यासारखं स्वच्छ. चौदा वर्षांची ती पोरगी गाडीपाशी उभी राहून ते कव्हर किती वेळ उलटंसुलटं करत होती. मला वाटलं, आता दादांना हाक मारणार. ती म्हणाली, "दत्त्या, कागद कुठं गेला रे?"

तिने दादांना सांगितलं नाही. त्याऐवजी तीस वर्षं, दर जुलैत, नव्या वर्गाला सांगितलं. "खड्ड्याचा शोध माझ्या भावाने लावला," अशी सुरुवात करून.

तिचा खड्डा असा. शाळेच्या मागच्या भिंतीलगत, नळापलीकडे, कमरेएवढा खोल. जुलैत प्रत्येक मुलाने घरातल्या कचऱ्यातली एक वस्तू आणायची आणि आपल्या हाताने पुरायची. वर फुटक्या फरशीचा तुकडा, त्यावर ऑइलपेंटने मुलाचं नाव आणि वस्तूचं नाव. काठीला चिठ्ठी लावून चालत नाही. काठीही कुजते आणि चिठ्ठीही, हे ती पहिल्या वर्षी शिकली होती. मग सहा महिने वाट बघायची. संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, ज्याने पुरलं त्यानेच उकरायचं. मधे कुणी उकरून बघितलं तर त्याची फरशी उलटी. बाईसुद्धा एक वस्तू पुरायच्या आणि ती काय आहे हे उघडेपर्यंत सांगायच्या नाहीत. पुस्तकात काय कुजतं, काय कुजत नाही याचा तक्ता आहे, पाठ केला की गुण मिळतात. अक्का म्हणायची, तक्ता पाठ करून पोरगं पुढच्या मिनिटाला चिक्कीचं पाकीट खिडकीबाहेर टाकतं. हाताने पुरलेलं, हाताने उकरलेलं विसरत नाही.

एका वर्षी एका विणकर घरातल्या मुलीने, भाग्यश्रीच्या थोरल्या बहिणीने, घरचा जुना टॉवेल पुरला. भाग्यश्री पुढे येणारच आहे. तर ती मुलगी सगळ्या वर्गाला सांगत होती की आमचा माल सुती आहे, पूर्ण जाणार. जानेवारीत उकरलं तर सूत गेलं होतं, पण टॉवेलचा सांगाडा तसाच शिल्लक, निळ्या चकचकीत धाग्यांची जाळी. पोरगी रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. अक्काला वाटलं, आता भांडण. त्यांनी ती जाळी बोटांनी ताणून बघितली आणि म्हणाले, "बाई, हे मिश्र सूत. मीच घातलंय, टिकावं म्हणून. आता टिकलं की." मग दोघंही हसत बसले. हे मला सांगताना अक्का डोळे पुसत होती, हसून का कशाने ते तेव्हा कळलं नाही.

राग मात्र तिच्यातही होता. तो तिने पोरांसमोर कधी काढला नाही, एवढंच. दोन वर्षांपूर्वी तिने सगळ्या वर्गाच्या घरी दोन डबे करवले. एकात खरकटं, एकात कोरडं. आयांनी कुरकुर केली, पोरांनी हट्टाने पाळलं. पंधरा दिवसांनी एक मुलगा वर्गात उभा राहिला. "बाई, घंटागाडीवाल्यानं दोन्ही डबे एकातच वतले. मी बघितलं." मग आणखी हात वर झाले. सगळ्यांनीच बघितलं होतं, बोलला तो एकटा. अक्का दुसऱ्या दिवशी सहा वाजता घंटागाडीपुढे जाऊन उभी राहिली. गाडीवरचा माणूस भला होता. म्हणाला, "बाई, गाडीत मधला पत्रा हुता, तो निघाला. आन मी येगळं नेलं तरी तितं पुढं एकाच ढिगात पडतंय की. मी काय करू, सांगा." तिने काय सांगावं? वर्गात जाऊन तिने सांगितलं की मी तुम्हाला शिकवलं ते माझ्या दारापर्यंत खरं आहे, त्याच्या पुढचं मला माहीत नव्हतं; मी ते बघायला हवं होतं. तीस वर्षांची शिक्षिका बारा वर्षांच्या पोरांपुढे असं उभी राहते, याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

महापालिकेला अर्ज लिहून घ्यायला ती माझ्याकडे आली, कारण मी कारकून. मी 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय' वगैरे नामी मसुदा केला. पोच मिळाली. दुसरा अर्ज, तिसरा अर्ज. उत्तर नाही. सहा महिन्यांनी रविवारी जेवताना ती म्हणाली, "तुझ्या अर्जाचा कागद तेवढा कुजला असेल बघ आत्तापर्यंत." मंगल हसली. मी भात कालवत राहिलो. आज वाटतं, ताट बाजूला सारून तिच्याबरोबर उठायला हवं होतं... कुठे, ते मला आजही माहीत नाही. पण उठायला हवं होतं.

शेवटचा रविवार. निघताना ती दारात चप्पल घालत म्हणाली, "संक्रांतीनंतरच्या शनिवारी आठ वाजता शाळेत ये. खड्डा उघडणार."

"मी येऊन काय करू?"

"पोरांना प्रगतिपुस्तकवाला बघायचाय. आणि तुला एक दाखवायचंय."

"शनिवारी ऑफिस असतं, अक्का."

"शनिवारी तुला सुट्टी असते."

"बघू."

"तुझं बघू म्हणजे न्हाय," म्हणाली आणि जिना उतरली.

तीन दिवसांनी ती गेली. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, काय केलं? फ्लेक्स छापला. रीत झाली आहे. माणूस गेलं की चौकात फ्लेक्स. नाही लावला तर लोक म्हणतात, भावाला जड झालं. दुकानातल्या पोराने कॉम्प्युटरवरून मान न वळवता विचारलं, "काका, मागं काय टाकू? ढग, कमळ का समई?" मी समई म्हणालो. फोटो माझ्या मुलीच्या लग्नातला होता. लग्नात पाण्याच्या बाटल्या वाटत होते म्हणून अक्काने घरून स्टीलचा ग्लास आणला होता, फोटोत तो तिच्या हातात होता. पोराने ग्लास कापला आणि तिथे समई चिकटवली. मी मागे उभा राहून बघत होतो. "चांगलं दिसतंय," असंही म्हणालो. जी बाई पन्नास पैशांएवढ्या प्लॅस्टिकसाठी माझ्या सिंकमध्ये हात घालायची, तिचा दहा फुटी चेहरा मी प्लॅस्टिकवर छापून तिच्याच शाळेच्या फाटकावर टांगला. यापेक्षा मोठा अपमान तिच्या शत्रूलाही सुचला नसता. तिला शत्रू नव्हता, भाऊ होता.

शाळेने शोकसभा ठेवली. हार आले, प्रत्येक हार वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशव्या काढून फोटोखालीच ढकलल्या. पाहुण्यांना चमकीच्या कागदात गुंडाळलेले गुच्छ दिले. शोकसभेत पाहुण्यांचं स्वागत का करतात हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मुख्याध्यापक बोलायला उठले. "आम्ही सगळे त्यांना गमतीने कचराबाई म्हणायचो," म्हणाले, आणि सभागृह हसलं. मीही हसलो. तोंडाला सवय असते. मग प्लॅस्टिकच्या कपातून चहा फिरला आणि रिकामे कप मागच्या खिडकीतून खाली गेले, नळापलीकडे, भिंतीलगत. खिडकीपाशी सहावी 'ब'ची पोरं उभी होती. ती त्या कपांकडे बघत होती, आणि मग माझ्याकडे.

तेराव्यानंतर शाळेचे शिपाई फ्लेक्सची गुंडाळी घेऊन घरी आले. वळसंगचे आहेत, पोरं त्यांना मामा म्हणतात. "सायेब, उतरवलाय. ह्याचं काय करू? फेकवत न्हाय, जाळवत न्हाय." मी तो माळ्यावर टाकला. तो तिथे माझ्याआधी संपणार नाही हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर दोन दिवसांनी दारावर भाग्यश्री आली. सहावी 'ब'ची मॉनिटर, दोन वेण्या, खांद्यावर कापडी पिशवी. पत्ता शोधत बसने एकटी आली होती. पाणी प्यायली आणि सरळ म्हणाली, "काका, खड्ड्यावर ब्लॉक बसवायलेत. आमच्या फरश्या काढून कोपऱ्यात टाकलेत. सरांना विचारलं तर म्हणाले, आता कसला खड्डा, बाई गेल्या की."

"मग?"

"मग संक्रांत आली की, काका. उघडायचं कसं?"

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापक वाईट माणूस नाही. मला वाटलं, असता तर सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. स्वच्छ शाळेची स्पर्धा आहे, तपासणीला लोक येणार, मागची बाजू मातीची, ओबडधोबड दिसते, म्हणून ब्लॉक. भिंतीवर चित्रकाराने हिरवा डबा, निळा डबा आणि हसरी पृथ्वी रंगवली होती, बरोबर खड्ड्याच्या वर. चित्राखाली खरे दोन नवे डबे होते, पेंग्विनच्या आकाराचे, चोचीत कचरा टाकायचा. दोघांना साखळी आणि कुलूप. मी विचारलं, "कुलूप का?" ते म्हणाले, "तपासणीपर्यंत पोरांनी घाण करू नये म्हणून." मी "बरोबर आहे" म्हणालो. चहा संपवला. खड्ड्याचं काढलं तर ते म्हणाले, "भावना समजतो साहेब, पण बाईंसाठी आपण वर एक सेल्फी पॉइंट करतोय, त्यांच्या नावाने." मी पुन्हा "बरोबर आहे" म्हणालो आणि घरी आलो.

मंगलने विचारलं, "काय म्हणाले?"

"चहा चांगला होता."

 ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "अक्का तुम्हाला शनिवारी बोलावून गेल्या होत्या. चहाला नव्हत्या बोलावून गेल्या."

त्या रात्री झोप लागली हे कबूल करतो. राग आला तो सकाळी, दूध तापवताना. आला तो असा आला की पातेलं उतू गेलं. पोरांना सहा महिने वाट बघायला लावायची आणि सातव्या महिन्यात त्यावर पृथ्वी रंगवायची. बोलणारी बाई गेली तर तिने पोरांना दिलेला शब्दही गेला, असं धरून चालायचं. आणि मी तिथे बसून दोनदा बरोबर आहे म्हणतो...

संक्रांतीनंतरच्या शनिवारी सकाळी मी अक्काच्या घरी गेलो. मागच्या दारामागे तिची पहार होती, खड्डा खणायची. ती घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाला आरशातून दोनदा बघून म्हणाला, "अंकल, झगडा है क्या कहीं?" मी म्हणालो, "शाळेत." त्याने रिक्षा जरा जोरात चालवली.

ब्लॉकचं एक बरं असतं, खाली सिमेंट नसतं, नुसती दगडाची कच असते. मी पहार फटीत घालून पहिला ब्लॉक उचकटला. दुसरा उचकटला. तिसऱ्याला कमरेत असं काही भरलं की मी पहारीच्या आधाराने तसाच वाकून राहिलो, उठता येईना, बसता येईना. त्रेपन्न वर्षांत मी केलेलं हे पहिलं आंदोलन, आणि ते तीन ब्लॉक टिकलं. तेवढ्यात मागून मामा आले. "सरका तिकडं, सायेब. हे तुमचं काम न्हाय. बाईंनी जागा दावून ठेवल्या मला." त्यांनी पहार घेतली. वर्गाच्या दारातून पोरं एकेक करून बाहेर आली आणि उभी राहिली, हातात आपापली फरशी. भाग्यश्रीने सगळ्या कोपऱ्यातून वेचून आणल्या होत्या.

मुख्याध्यापक धावत आले. "हे काय चाललंय? मंगळवारी तपासणी आहे."

मी कधी कुणावर ओरडलेलो नाही. ऑफिसात शिपायालाही जरा ऐका म्हणतो. पण त्या दिवशी वाकलेल्या कमरेने, त्यांच्या पट्ट्याच्या बकलाकडे बघत, कारण मान वर जात नव्हती, मी ओरडलो. म्हणालो की तुम्ही कुलूपबंद पेंग्विनना गुण घ्या, पृथ्वीला गुण घ्या. पण या पोरांनी जुलैपासून एकदाही उकरून बघितलेलं नाही. तुम्ही सात दिवस वाट बघितलीय का कशाची? मी बघितली नाही. तिने तीस वर्षं वाट बघायला शिकवलं आणि आपण तिच्या शोकसभेचे कप याच्यावर टाकले. तुम्ही टाकले, मी टाकले. बसवा तुमचे ब्लॉक, पण आधी हे उघडेल, आणि ज्याने पुरलं तोच उघडेल.

आवाज शेवटी फाटला आणि खोकला आला, त्यामुळे परिणाम थोडा कमी झाला. मुख्याध्यापक पोरांकडे बघत राहिले. मग घड्याळात बघून म्हणाले, "मधल्या सुट्टीपर्यंत आटपा. आणि ब्लॉक होते तसे बसले पाहिजेत." आणि गेले. ते विरघळले वगैरे काही नाही. तपासणी मंगळवारीच झाली.

पोरांनी उकरलं. भाकरी नव्हती. केळीची साल नव्हती. ज्याने भाकरी पुरली होती तो रिकाम्या मातीत हात घालून "गेली, गेली" करत नाचत होता. वर्तमानपत्राची काळी चिंधी राहिली होती. चिप्सचं पाकीट दुकानातून आताच आणल्यासारखं निघालं. एकाने गुटख्याची पुडी पुरली होती; फरशीवर लिहिलं होतं, 'पप्पांची पुडी'. पुडी चकचकीत. त्याने ती शर्टाला पुसली आणि खिशात घातली. "घरी दावतो," एवढंच म्हणाला. एक मुलगी बराच वेळ माझ्याकडे बघत होती, शेवटी जवळ येऊन म्हणाली, "तुमीच का ते प्रगतिपुस्तकवाले?" मी हो म्हणालो. तिने मैत्रिणीला कोपराने ढोसलं.

शेवटची एक फरशी राहिली. भाग्यश्रीने ती मला वाचायला दिली. अक्काचं अक्षर, फळ्यावरचं, गोल. 'बाई. दुधाच्या पिशवीचे कोपरे. भावाच्या घरचे.'

मामांनी तिथली माती हलक्या हाताने ओढली. तिने ते सुती फडक्यात बांधून पुरले असणार. फडकं संपलं होतं, गाठीचा एक दोरा होता. आणि मातीत सगळीकडे निळे-पांढरे तुकडे, नखाएवढे, मूठभर, दोन मुठी. एकालाही काही झालेलं नव्हतं. काहींवर छापलेलं अक्षर अजून वाचता येत होतं. कितीतरी रविवार, भांडी विसळायच्या निमित्ताने, माझ्या सिंकमधून बोटाने वेचलेले... मी सुपारी समजत होतो. ते मला पोरांसमोर दाखवून हसायचं होतं तिला. तिने माझी चेष्टा सहा महिने आधी पुरून ठेवली होती, आणि शनिवारी ऑफिस असतं असं मी तिला सांगितलं होतं.

भाग्यश्रीने विचारलं, "काका, हे तुमचे?"

"माझेच."

कुणी हसलं नाही. ती हसायची राहून गेली म्हणून पोरं हसली नाहीत, असं मला वाटलं, आणि मग कमरेचं निमित्त करून मी नळाकडे गेलो.

परत आलो तोवर त्यांनी ठरवून टाकलं होतं. कोपरे पुन्हा पुरायचे, तसेच, फरशी तीच. "पुढच्या वर्षी बघू काका, काही होतंय का."

"काही होणार नाही," मी म्हणालो.

"तरी यायला लागतंय."

मामांनी ब्लॉक होते तसे बसवले, मला डोळ्याने खुणावून चार मोकळे ठेवले. पाय दिला की वाजतात.

अक्काचं घर आवरताना मी तिची दोरी सोडून आणली, चिमट्यांसकट, आणि आमच्या गॅलरीत बांधली. राग उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही. खाली घंटागाडी येते, तिचं गाणं वाजतं, आणि मंगल नेते ते दोन्ही डबे रोज माझ्या डोळ्यांसमोर एकातच ओततात. मी वरून बघतो. आता मी चौथा अर्ज लिहिला आहे, त्यात सविनय नाही. सोमवारी तो हाताने नेऊन देणार आहे आणि उत्तर मिळेपर्यंत तिथल्या बाकावर बसणार आहे. कमरेचा पट्टा घेतला आहे.

सकाळी पावणेसातला मी दूध तापवतो. हात अजून जुन्या सवयीने कोपऱ्याच्या टोकापर्यंत जातो, मग कात्री अलीकडे थांबते. धार वाकडी पडते, ओट्यावर सांडते, ते मी पुसतो. पिशवी उलटी करून धुतो. कोपरा तिला लटकलेला असतो, ओला, बोटाला लागतो. मग गॅलरीत जाऊन ती दोरीवर घालतो आणि आधी चिमटा लावतो.